गाडीचे रूप आणि गाडीचा स्वभाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी, चाकण आणि रांजणगाव या पट्ट्यात गाड्या घडतात, आणि त्यांतल्याच अनेक गाड्या संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर दुचाकींच्या गर्दीत अडकून पडतात. त्यामुळे गाडीच्या दिसण्याविषयी पुण्यात मतांची कमतरता नाही. ‘ही गाडी चिडकी दिसते’, ‘ती गाडी गरीब स्वभावाची वाटते’ अशी विधाने आपण सहज करतो. या विधानांमागे नेमके काय असते, याविषयी गाडी घेऊ इच्छिणारे, डिझाइनचे विद्यार्थी आणि निव्वळ हौशी मंडळी नेहमी विचारतात ते प्रश्न व त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

निर्जीव यंत्राला स्वभाव असतो, असे म्हणण्याला काही शास्त्रीय आधार आहे का?

स्वभाव गाडीत नसतो. तो पाहणाऱ्याच्या मनात उमटतो. मात्र निरनिराळ्या माणसांच्या मनात तो बराचसा सारखा उमटतो, हे तपासून पाहिलेले आहे. व्हिएन्ना येथील संशोधक सोनिया विंडहागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० व्यक्तींना ३८ गाड्यांची समोरची बाजू दाखवून ती बालसुलभ वाटते की प्रौढ, नम्र वाटते की वर्चस्व गाजवणारी, अशा कसोट्यांवर गुण देण्यास सांगितले होते. उत्तरांत लक्षणीय एकवाक्यता आढळली. रुंद, बसकी, अरुंद आणि तिरप्या दिव्यांची गाडी बहुतेकांना ‘बलवान’ वाटली. पुढे याच गटाने ऑस्ट्रियाबरोबर इथिओपियाच्या ग्रामीण भागातही, जिथे मोटारीच्या जाहिरातींचा फारसा संपर्क नव्हता अशा लोकांमध्ये, हा प्रयोग केला आणि २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. दोन्हीकडचे कौल पुष्कळ अंशी जुळले. त्यामुळे हे सारे जाहिरातींनी शिकवलेले आहे, ही शंका बरीच दुबळी ठरते.

याचे कारण आपल्या मेंदूच्या सवयीत आहे. चेहरा ओळखण्याचे काम मेंदू अत्यंत उतावीळपणे करतो, कारण समोरच्याचा चेहरा वेळेवर न वाचण्याची किंमत माणसाला फार मोजावी लागली असती. दोन सममित ठिपके आणि त्यांखाली एक आडवी फट एवढे साहित्य त्याला पुरते, आणि मोटारीच्या पुढच्या भागात ते आयतेच उपलब्ध असते.

हसरी, रागीट किंवा निरागस गाडी नेमकी कशामुळे तशी दिसते?

हेडलॅम्प डोळ्यांचे आणि ग्रिल किंवा बंपरमधील हवेची जाळी तोंडाची जागा घेते. दिव्यांची वरची कड आतल्या बाजूला उतरती असेल, तर कपाळाला आठी पडल्यासारखे दिसते. जाळीचे दोन्ही कोपरे वर वळले असतील, तर हसू दिसते. २०११ मध्ये लांडवेर, मॅकगिल आणि हरमान या अभ्यासकांनी ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये मांडलेला निष्कर्ष रंजक आहे. लोकांना सर्वाधिक पसंत पडणारा मेळ म्हणजे तिरपे, धारदार डोळे आणि त्यासोबत किंचित हसरे तोंड. डोळ्यांत जरब आणि ओठांवर सौजन्य हा मेळ माणसांच्या बाबतीतही खपतोच.

हसू जास्त झाले की मात्र गाडीची थट्टा होते. २००९ च्या सुमारास आलेल्या माझदा ३ या गाडीची जाळी इतकी रुंद हसरी होती की परदेशी परीक्षकांनी तिची यथेच्छ खिल्ली उडवली, आणि पुढच्या पिढीत कंपनीने ते हसू आवरते घेतले.

निरागसपणाचे सूत्र वेगळे आहे. ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडले होते की मोठे कपाळ, मोठे गोल डोळे आणि गुबगुबीत गाल ही बाळाची लक्षणे दिसताच मोठ्यांच्या मनात वात्सल्य जागे होते. फोक्सवागनची बीटल, १९९२ साली प्रथम दाखवलेली रेनो ट्विंगो आणि आपल्याकडे रस्त्यांवर दिसलेली देवू मॅटिझ या गाड्यांत गोलसर दिवे, फुगीर बॉनेट आणि आखूड शरीर हेच सूत्र दिसते. मॅटिझचे रूप इटालियन डिझाइनर ज्योर्जेतो जुजारो यांच्या स्टुडिओतून आले होते, आणि त्याच जुजारोंनी १९७४ च्या पहिल्या गोल्फला सरळ रेषांचा करडा, नेमस्त चेहरा दिला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग गाडीचा स्वभाव म्हणजे तिचा चेहराच का?

नाही, आणि माझ्या मते चर्चेतील सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. चेहऱ्याविषयी बोलणे सोपे असते म्हणून सगळे त्याविषयीच बोलतात. पण गाडीचा स्वभाव प्रथम तिच्या प्रमाणबद्धतेत आणि रस्त्यावर उभे राहण्याच्या ढबीत ठरतो. चेहरा फेसलिफ्टमध्ये, म्हणजे चालू मॉडेलला मध्येच दिलेल्या वरवरच्या नव्या रूपात, बदलता येतो, कारण बंपर, जाळी आणि दिवे बदलणे तुलनेने स्वस्त असते. चाकांची जागा, छपराची उंची आणि काचांचा उतार मात्र गाडीच्या मूळ सांगाड्याशी बांधलेले असतात, आणि तेथे झालेली चूक पुढे कितीही क्रोम लावले तरी झाकत नाही.

म्हणून जाणकार माणूस गाडीकडे प्रथम बाजूने आणि दुरून पाहतो. गाडीच्या उंचीच्या मानाने चाके केवढी आहेत, ती शरीराच्या कडेपर्यंत आलेली आहेत की आत दडलेली आहेत, चाकांच्या पुढे-मागे पत्रा किती लोंबतो, काचेची पट्टी रुंद आहे की चिंचोळी, हे तो पाहतो. मोठी चाके आणि रुंद पाया म्हणजे स्थैर्य व आत्मविश्वास. अंगाने मोठी पण लहान चाकांची गाडी म्हणजे अवघडलेपणा. काचा कमी आणि पत्रा जास्त असेल तर गाडी बंदिस्त व सावध वाटते, काचा भरपूर असतील तर मोकळी व बोलकी वाटते. पुढच्या चाकाचा मध्य आणि समोरच्या काचेचा पाया यांतील अंतरही फार बोलते. चाकणला तयार होणाऱ्या मर्सिडीजच्या बहुतेक सेडान गाड्यांत इंजिन लांबीत बसवलेले असते आणि मुख्यतः मागची चाके गाडी ढकलतात, त्यामुळे ते अंतर मोठे राहते आणि गाडीला घरंदाज, सावकाश रुबाब येतो. आडवे इंजिन आणि पुढची चाके ओढणारी रचना असलेल्या गाडीला, चेहरा कितीही महागडा दिला तरी, तो रुबाब आणणे कठीण जाते.

पुण्याच्या दोन गाड्यांतून हे चांगले समजते. १९९४ ची टाटा सुमो पाहा. ताठ काचा, सपाट बाजू, सरळ छप्पर. तिच्या चेहऱ्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नसेल. तरीही तिचा स्वभाव लहान मुलालाही कळत असे: दहा माणसे आणि सामान घे, घाट चढ, तक्रार करू नकोस. दुसरी गाडी नॅनो. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात सादर झालेली, पुण्यातील अभियंत्यांनी साकारलेली ही गाडी सुमारे ३.१ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि १.६५ मीटर उंच होती. म्हणजे ती रुंदीपेक्षा उंच होती, आणि तिला १२ इंची चाके होती. चार प्रौढांना आत नीट बसवण्याचा तो हुशार मार्ग होता, चेहराही मोठ्या डोळ्यांचा आणि गोड होता. पण बारीक पायांवर उभ्या असलेल्या उंच शरीरामुळे ती रस्त्यावर संकोचून उभी राहिल्यासारखी दिसत असे. त्यात ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरूद चिकटले. विकत घेणाऱ्याला आपली गाडी आपल्याविषयी काय सांगेल याची चिंता असते, आणि ती चिंता नॅनोच्या गोड चेहऱ्याला दूर करता आली नाही.

काही छोट्या सेडान गाड्यांची डिकी तोडल्यासारखी का दिसते?

त्याचे उत्तर करात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. पेट्रोलसाठी १२०० आणि डिझेलसाठी १५०० घन सेंटिमीटर ही इंजिनाची मर्यादा होती. २००८ मध्ये टाटांनी इंडिगो सीएस ही गाडी त्या मर्यादेत बसवली आणि पुढे इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. डिझाइनरला पूर्ण डिकी देण्याएवढी जागा नसते, आणि डिकी न देण्याची मुभाही नसते, कारण ग्राहकाला ‘मागे डिकी असलेली’ म्हणजेच प्रतिष्ठेची गाडी हवी असते. अशी गाडी पुढून आत्मविश्वासाने सुरू होते आणि मागे येईपर्यंत तिचे वाक्य अर्धवट राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या रचनेतही १८ टक्के दराच्या लहान गाडीसाठी ४००० मिलिमीटरची सीमा कायम आहे, त्यामुळे हे रूप इतक्यात नाहीसे होईल असे दिसत नाही.

पूर्वीच्या गाड्या शांत दिसत; आजच्या गाड्या एवढ्या चिडक्या का?

एक कारण तांत्रिक आहे. अँबॅसेडर किंवा फियाट यांच्या काळात दिवा गोल असणे ही निवड नव्हती. बंद काचेचा गोल दिवा प्रमाण आकाराचा मिळत असे आणि गाडीचे तोंड त्याच्याभोवती घडवावे लागे. गोल डोळ्यांना राग फारसा दाखवता येत नाही. भिंगातून प्रकाश टाकणारे प्रोजेक्टर दिवे आणि त्यानंतर एलईडी आल्यावर दिवा चिंचोळा झाला आणि डोळा हव्या त्या आकाराचा कापता येऊ लागला. आता तर डोळा आणि दिवा यांची ताटातूटही झाली आहे. पिंपरीत तयार होणाऱ्या टाटा हॅरियरमध्ये बॉनेटलगतच्या बारीक पट्ट्या दिवसा लागणाऱ्या दिव्यांच्या आहेत आणि रस्ता उजळणारा खरा हेडलॅम्प खाली बंपरमध्ये आहे; आपण मात्र वरच्या पट्ट्यांनाच डोळे समजतो.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे. युरोपात २००५ पासून नव्या मॉडेलांना लागू झालेल्या पादचारी-सुरक्षेच्या नियमांमुळे बॉनेट आणि त्याखालील कठीण इंजिन यांत अंतर ठेवणे भाग पडले, म्हणजे पादचाऱ्याचे डोके आदळल्यास पत्र्याला दबायला वाव मिळतो. गाड्यांची नाके उंच आणि बोथट झाली, कंबररेषा, म्हणजे बाजूच्या काचांच्या खालची कड, वर गेली, काचा अरुंद झाल्या. एवढा मोठा सपाट पत्रा रिकामा ठेवायचा नाही म्हणून जाळी मोठी झाली.

तिसरे कारण बाजारपेठेचे, आणि ते मला सर्वांत कमी आवडणारे आहे. गाडी आरशात दिसल्यावर पुढच्याने वाट द्यावी, अशी अपेक्षा आता जाहिरातीत उघडपणे विकली जाते. जर्मनीच्या महामार्गावर या भाषेला काही अर्थ असेल. परंतु लक्ष्मी रस्त्यावर, जिथे पुढे स्कूटरवर आजोबा, मध्ये नातू आणि पायाशी भाजीची पिशवी असते, तेथे पाठीमागून दात विचकून येणारा चेहरा कोणाला दाखवायचा आहे? दुचाकीस्वाराला आरशात गाडीचा फक्त चेहराच दिसतो. स्टुडिओत बसून चेहरा रेखाटणाऱ्याने एकदा तरी त्या आरशातून पाहावे, असे वाटते.

दारांवरून जाणाऱ्या रेषा केवळ शोभेच्या असतात का?

पातळ पत्र्याला वळी दिली की तो कडक होतो, एवढा त्यांचा व्यावहारिक उपयोग आहेच. पण त्यांचे मुख्य काम प्रकाश वळवण्याचे असते. मागे चढत जाणारी रेषा गाडी उभी असतानाही पुढे झेपावल्याचा भास देते. सपाट, आडवी रेषा ठामपणा देते. चाकणला तयार झालेली फोक्सवागन पोलो २०२२ मध्ये बंद झाली, तरी आजही जुनाट वाटत नाही, याचे श्रेय तिच्यावरील मोजक्या, आडव्या रेषांना द्यावे लागेल. उलट बाजूचे उदाहरण म्हणजे डिझाइनप्रमुख क्रिस बँगल यांच्या काळातील बीएमडब्ल्यू. अंतर्गोल आणि बहिर्गोल पृष्ठे एकमेकांत मिसळण्याच्या त्यांच्या पद्धतीवर, विशेषतः २००१ च्या ७ सिरीजवर, प्रचंड टीका झाली, आणि पुढील दशकात जवळजवळ साऱ्या उद्योगाने ती कमीअधिक प्रमाणात उचलली.

अलीकडच्या अनेक गाड्यांत एका दारावर तीन-तीन रेषा असतात. त्या भावना वाढवत नाहीत. सगळे एकदम बोलू लागल्यावर होतो तसा गोंगाट करतात. शिवाय पुण्याची धूळ प्रत्येक खोबणीत बसते.

विजेवरच्या गाडीला जाळीची फारशी गरज नसते. मग तिला तोंड कशाला?

बॅटरी आणि मोटर यांनाही थंड करावे लागते, पण त्यासाठी बंपरच्या खालची छोटी वाट पुरते. म्हणून वरचा भाग कोरा राहतो, आणि तोंड नसलेला चेहरा लोकांना अस्वस्थ करतो. उत्पादकांनी यावर प्रकाशाचा तोडगा काढला आहे. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या २०२४ मध्ये सादर झालेल्या गाड्यांत पुढचा भाग बंद असून ओळख दिव्यांच्या आकृतीतून होते. कुलूप उघडताच दिवे क्रमाने उजळण्याचे जे ‘स्वागत’ असते, ते माझ्या दृष्टीने थोडे नाटकी आहे. तरी यंत्राने आपल्याला ओळखले, ही भावना ते अचूक पोहोचवते.

जुन्या नावाची गाडी नव्या रूपात आली की लोक एवढे हळवे का होतात?

कारण रूपाशी आठवण जोडलेली असते, आणि ती कोणत्याही रेषेपेक्षा प्रबळ असते. १९९१ ची टाटा सिएरा पुण्यातच घडली. तीन दरवाजे आणि मागे छपरापर्यंत वळलेल्या मोठ्या काचा ही तिची खूण होती. मागे बसणाऱ्यांना त्या काचेतून येणारे ऊन सोसावे लागे, त्या काचा उघडतही नसत. पण गाडी दुरून ओळखू येई. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या नव्या सिएराला पाच दरवाजे आहेत, तरी काळ्या पट्ट्यांच्या साहाय्याने त्या वळलेल्या काचेचा आभास राखला आहे. व्यवहार आणि आठवण यांत केलेली ही तडजोड आहे, आणि मला ती प्रामाणिक वाटते.

गाडीच्या आतील भागाचे काय?

बाहेरचे रूप इतरांसाठी असते, आतले मालकासाठी. आडवा, रुंद डॅशबोर्ड शांत करतो, चालकाकडे झुकलेला डॅशबोर्ड ‘गाडी तुमची आहे’ असे सांगतो. दार लावताना येणारा भरीव आवाज, बटण दाबताना बोटाला मिळणारा प्रतिसाद, हेही मुद्दाम घडवलेले असते. ग्राहकाच्या भावनांचे असे मोजता येणाऱ्या गुणांत रूपांतर करण्याची शिस्त जपानी अभियंते मित्सुओ नागामाची यांनी ‘कान्सेई’ या नावाने रुजवली, आणि माझदाच्या १९८९ च्या एमएक्स-५ या गाडीसाठी ती वापरली गेली.

आणि रंगाचे?

पांढरा रंग आपल्याकडे उन्हाच्या आणि पुनर्विक्रीच्या हिशेबाने घेतला जातो, मनाच्या हिशेबाने क्वचितच. मात्र पांढऱ्या रंगावर सावल्या फिकट पडतात, त्यामुळे डिझाइनरने मेहनतीने दिलेली वळणे निम्मी नाहीशी होतात. गडद लाल किंवा निळ्या रंगात तीच गाडी अधिक घोटीव दिसते.

हे सारे कोण ठरवते? पुण्यात असे काम होते का?

स्वतंत्र डिझाइन विभागाची प्रथा १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्याकडे असा विभाग सोपवल्यापासून रुळली. मातीची प्रतिकृती घडवण्याची पद्धतही त्यांनीच सर्वमान्य केली. आज संगणकावर सर्व काही रेखाटता येत असले, तरी पूर्ण आकाराची, विशेष औद्योगिक मातीची प्रतिकृती अजूनही बनते, कारण पडद्यावर सुंदर दिसलेले वळण खऱ्या प्रकाशात ढोबळ दिसू शकते.

पुण्यात टाटांचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र १९६६ पासून आहे. १९९८ च्या इंडिकाचे रूप ट्युरिनच्या आयडिया या संस्थेसोबत साकारले होते, पण तिचे अभियांत्रिकी काम येथलेच होते. लोणी काळभोर येथील एमआयटीच्या डिझाइन संस्थेत वाहन-डिझाइनचे शिक्षण मिळते. कोथरूडच्या टेकडीवरील एआरएआय ही संस्था वाहनांची तपासणी व प्रमाणीकरण करते. दिव्यांची जागा आणि उंची यांसाठी ठरलेल्या मर्यादा असतात, त्यामुळे डिझाइनरला डोळे कुठेही लावता येत नाहीत.

मालकाने स्वतः बदल करून गाडीला वेगळा स्वभाव द्यावा का?

दसऱ्याला झेंडूची माळ घालावी, मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहावे. त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पुढचे लोखंडी संरक्षक दांडे मात्र लावू नयेत. गाडीला पैलवानाचा जबडा देणारे हे दांडे केंद्र सरकारने २०१७ मध्ये बेकायदेशीर ठरवले, कारण ते पादचाऱ्याला घातक असतात आणि धडकेच्या वेळी एअरबॅगच्या यंत्रणेला चुकीचा संदेश देऊ शकतात. काचांचेही तसेच: पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. इंग्रजी अंकांतील ४१४१ हा क्रमांक ‘दादा’ असा वाचला जावा म्हणून अंकांना वळण देणारी पाटी हा तर आपल्याकडचा खास प्रकार. तोही नियमाविरुद्धच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत.

खरेदीपूर्वी गाडीचे रूप कसे पारखावे?

शोरूममधील दिव्यांखाली निर्णय घेऊ नये. तेथे प्रत्येक गाडी देखणी दिसते. गाडी उन्हात बाहेर काढून घ्यावी आणि पंधरावीस पावलांवरून बाजूने, मग मागच्या कोपऱ्यातून पाहावी. चेहरा शेवटी पाहावा. सर्वांत खालच्या प्रतीची, लहान चाकांची आणि साध्या बंपरची आवृत्ती दाखवण्याचा आग्रह धरावा. तिच्यातही गाडी नीट उभी राहत असेल, तर मूळ प्रमाण चांगले आहे आणि वरच्या प्रतीसाठी जास्तीचे पैसे केवळ दिसण्याकरिता मोजण्याची गरज नाही. शक्य असल्यास मॉडेल बाजारात येऊन सहा महिने होऊ द्यावेत. तोवर ती गाडी कर्वे रस्त्यावर धुळीने माखलेली, खरचटलेली आणि इतर गाड्यांमध्ये उभी असलेली अनेकदा पाहायला मिळते, आणि तशा अवस्थेतही ती आवडली तर बुकिंग करावे.